पहिल्या घासाआधी

आत्या गेल्या हे मला जबलपूरला पत्रानं कळलं. रजा मंजूर होऊन मी नागपूरला उतरले, तोवर त्यांची तेरवी होऊन चार दिवस झाले होते. त्यांचा पुतण्या मागावर बसला होता. मला पाहून तो मागाच्या खड्ड्यातून वर आला, पाण्याचा लोटा पुढं केला. मी बसायच्या आधीच विचारलं, "तेरवीला कोण बोललं?"

त्यानं मान खाली घातली.

"कोनी नाई बोललं, बाई. पत्रावळी वाढून झाल्या. सगळे एकमेकाच्या तोंडाकडे पाहून राहिले, आता हा उठन, आता तो उठन. वरण थंड झालं. मग जेवले."

जिनं त्या पेठेतल्या एकाही म्हाताऱ्याला त्याच्याबद्दल चार शब्द न बोलता जाऊ दिलं नाही, तिच्या पंगतीत वरण थंड झालं आणि कोणी उठलं नाही. मला वाईट वाटलं आणि रागही आला. राग स्वतःचाच जास्त. चार दिवस आधी आले असते तर मी उठले असते. आता लिहूनच सांगायचं उरलं आहे.

ती पेठ विणकरांची. घरोघरी जमिनीत खणलेला माग, ओसरीवर रहाट, अंगणात ताणलेलं सूत. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि माझे यजमान सचिवालयात कारकून. आत्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आम्ही सहा वर्षं भाड्यानं राहिलो. मागच्या भागात आत्या आणि त्यांच्या मयत भावाचा मुलगा, त्याची बायको आणि पोरं. लग्नानंतर चार वर्षांतच आत्या नवऱ्याच्या घरून परत आल्या होत्या, त्या कायमच्या. माहेरच्या पेठेत राहिल्या म्हणून अख्ख्या पेठेच्या आत्या झाल्या. त्यांच्याहून वयानं मोठे असलेले बुढेसुद्धा त्यांना आत्याच म्हणत.

त्या उंच होत्या, हाडकुळ्या, आणि पाठ ताठ. जन्मभर रहाटासमोर बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया वाकतात. आत्या वाकल्या नव्हत्या. विचार करायचा असला की कुठून तरी सुताचा तुकडा घेऊन तो डाव्या हाताच्या करंगळीला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. करंगळीवर त्याचा कायमचा वळ पडलेला होता.

पेठेत कोणी साठीच्या पुढचं माणूस गेलं की तेराव्या दिवशी आत्या तिथं जायच्या. पंगत बसायची, वाढणं व्हायचं, आणि कोणी पहिला घास उचलायच्या आधी बायकांच्या रांगेच्या टोकाला आत्या उभ्या राहायच्या.

"थांबा जरा."

बस, एवढंच. वाढपी जिथल्या तिथं थांबायचे. मग त्या गेलेल्या माणसाचं सांगायच्या. भाताची वाफ जायच्या आत संपायचं सगळं. हात कशात बसलेला होता, कोणासाठी काय केलं, आणि खोड कोणती होती. खोड सांगितल्याशिवाय त्यांनी एकाही माणसाला निरोप दिला नाही. शेवटी म्हणायच्या, "असा होता. जेवा आता." आणि स्वतः पहिला घास घ्यायच्या. त्याआधी त्या घरचा चहाही त्यांना चालत नसे.

आम्ही राहायला गेलो त्याच महिन्यात मी पहिल्यांदा हे पाहिलं. गेलेला म्हातारा सूत रंगवणारा होता. आत्या म्हणाल्या, "याच्यासारखा लाल रंग नागपुरात कोनाले जमला नाई. खोड अशी होती का हा खोटं बोले. काल सांगितलेलं आज वेगळं सांगे. पन रंग कधी खोटा दिला नाई. दहा वेळा धुवा, तसाच राहे." म्हाताऱ्याचा मुलगा पत्रावळीवर डोकं वाकवून रडत होता आणि हसतही होता.

मला मात्र ते रुचलं नाही. घरी आल्यावर मी आत्यांना म्हटलं, "खोटं बोलायचा, हे आज सांगायलाच हवं होतं का? गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढंच बोलावं, असं आम्हाला शिकवलंय."

आत्यांनी रहाट थांबवला. "मास्तरीणबाई, चांगलंच चांगलं बोललं का तो माणूस कोनाचाबी होते. कोन्या गावचा बुढा हाय ते समजतच नाई. खोड सांगितली का मग तो आपला होते."

यावर मी सहा वर्षं विचार केला.

त्या निरक्षर होत्या. सगळं डोक्यात. तेरवी जवळ आली की मधल्या भिंतीपलीकडून रहाटाच्या घरघरीबरोबर त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. एकच वाक्य पाच-पाच वेळा, दरवेळी एखादा शब्द कमी केलेला. मी मुलींना निबंध शिकवायची. पण नको तो शब्द काढायचा कसा, ते मी त्या भिंतीला कान लावून शिकले.

माहिती मिळवायची त्यांची रीत मात्र भयंकर होती. माणूस जिवंत असतानाच त्या जायच्या. कोणी म्हातारं जरा आजारी आहे, जेवण कमी झालंय असं कानावर आलं की आत्या त्या दारात हजर. उंबऱ्यावर बसायच्या आणि विचारायच्या, "कसं काय आबा, यंदाचा उन्हाळा निघते का?"

पेठेतले बुढे त्यांना डॉक्टरपेक्षा जास्त घाबरत. एका म्हाताऱ्यानं सुनेला पढवून ठेवलं होतं, आत्या आल्या तर सांग, रामटेकला गेलेत. आत्या आल्या. सुनेनं सांगितलं. आत्या म्हणाल्या, बरं, येतील तेव्हा भेटीन, आणि ओसरीवर बसल्या. बराच वेळ झाला. आत म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. आत्यांनी सुनेकडे पाहिलं.

"रामटेकहून इथवर खोकला ऐकू येते काय वं?"

म्हातारा स्वतःच बाहेर आला. दोघं हसले. मग तो दोन तास बोलत बसला. आणि तो पुढं चार वर्षं जगला, हेही सांगितलं पाहिजे, कारण आत्या बसून गेल्या की माणूस जातो अशी पेठेत एक अफवा होती.

दुसऱ्या एकाला त्या तोंडावर म्हणाल्या, "आबा, मी खूप याद केलं. तुमच्याबद्दल मले एकच गोष्ट सांगता येईन. हा मानूस भिंतीपलीकडच्या सख्ख्या भावाशी वीस वर्षं बोलला नाई. बाकी काही आठवून नाई राहिलं." तो बुढा संतापला. आत्यांना हाकलून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भावाच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तंबाखू हाय का गा?" भावानं चंची पुढं केली. त्याच्या तेरवीला आत्यांनी तंबाखूचंच सांगितलं.

आता त्यांची खोड. ती मी सांगितली नाही तर त्यांना चालायचं नाही. त्या जिवंत माणसाचं कौतुक कधीच करत नसत. एकदा मी सहज म्हटलं, आमच्या यजमानांनी आजवर माझ्याशी आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही. आत्या म्हणाल्या, "आजवर." आणि कांडी भरू लागल्या. पुतण्याची बायको दिवसभर राबायची. तिच्या हातच्या पाटवडीला चव होती. आत्यांनी तिला कधी एका शब्दानं बरं म्हटलं नाही. "अजून वेळ हाय तिले, बिघडू शकते." ती पोर दाराआड रडलेली मी पाहिली आहे. आत्या चुकल्या तरी चुकले असं त्यांच्या तोंडून येत नसे. शिवाय दुसऱ्यांच्या घरातलं बोलणं त्या उभ्या राहून, उघड उघड ऐकायच्या.

हे सगळं कधीपासून, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मानमोडीच्या साथीच्या साली. घरटी मानूस गेला आमच्या गल्लीतून. सकाळी एकाले पोचवून आले का दुपारी दुसरा. रडाले कोनाले फुरसत नव्हती. माझा बाप गेला, चौथ्या दिवशी माय गेली. तेरवी नाई, काही नाई. महिन्यानं शेजारचा पोट्टा मले म्हणे, तुमचा बाप कसा होता वं आत्या, मले चेहरा नाई आठवत. तवा मी बसून सांगितलं त्याले. मंग दुसऱ्यायचंबी सांगितलं. जे उरले त्याईच्यात मलेच सगळे आठवत होते."

पेठेतल्या बहुतेक मागांना सूत पुरवणारं आणि साड्या विकत घेणारं एक घर होतं. लोक त्यांना सूतवाले म्हणत. त्यांचं नाव एका काठामुळं झालं होतं. चिंचेच्या पाल्यासारखी बारीक जोडपानं, रेशमात विणलेली. त्याला चिंचपानी काठ म्हणत. सूतवाल्यांच्या आजोबांना देवीनं स्वप्नात येऊन तो काठ दाखवला, अशी त्या घराची गोष्ट होती आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ती ऐकवली जायची.

त्या घरची एक म्हातारी चुलती वारली. सतराव्या वर्षी विधवा झालेली, मागच्या खोलीत राहणारी. सगळे तिला काकू म्हणत.

तेरवीच्या आदल्या दिवशी सूतवाले स्वतः आत्यांकडे आले. मी माझ्या खोलीच्या दारात तांदूळ निवडत होते. ते नम्रपणे बोलले.

"आत्या, उद्या काकूबद्दल चार शब्द बोलाच तुम्ही. देवभोळी होती म्हणा. कोनाच्या अध्यात ना मध्यात."

"देवभोळी नव्हती. देवळात जाताना मी तिले कधी पाहिलं नाई."

"बरं, ते राहू द्या. पन काठाचं नका काढू. तुमाले ठाऊक हाय मी काय म्हणून राहिलो ते."

"ठाऊक हाय."

सूतवाल्यांनी आतल्या मागाकडे पाहिलं. पुतण्या तिथं विणत होता. "तुमच्या पुतण्याच्या मागाले सूत आमच्याच दुकानातून येते, आत्या. मी धमकी नाई देऊन राहिलो. फकत आठवण देतो." आणि नमस्कार करून गेले.

आत्या बराच वेळ करंगळीला सूत गुंडाळत बसल्या. मला वाटलं होतं त्या ताडकन काही बोलतील. त्या उठून पुतण्याजवळ गेल्या.

"ऐकलं ना? माझं बोलनं माझं हाय, पन सूत तुझं हाय. तू नाई म्हटलं तर मी उद्या जानारच नाई. तब्येत बरी नाई म्हणीन."

त्यांना खोटं बोलायला तयार झालेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

पुतण्या स्वभावानं घुमा. धोटा इकडून तिकडे फेकत राहिला. दुपार झाली, त्याची बायको जेवायला हाक मारून गेली, तरी तो उठला नाही. त्याच्या मागावर त्या वेळी चिंचपानीच होता. शेवटी हात थांबवून तो म्हणाला, "हा काठ मी आठ वर्षांपासून विनून राहिलो. कोनाच्या डोक्यातून निघाला ते मलेबी ऐकू दे. बोल तू." आणि धोटा उचलत, "पन हळू बोल."

दुसऱ्या दिवशी आत्या काही हळू बोलल्या नाहीत.

"थांबा जरा. काकूची खोड सगळ्याईले ठाऊक हाय. हिले दुसऱ्याच्या हातचं काही पसंत पडत नव्हतं. सुनांची भाकर उलटून पालटून पाहे. सारवनात बोटभर जागा सुटली तर तिथं बोट ठेवे. सुना कंटाळल्या हिले. पन ज्या डोळ्यानं ही सारवन पाहे त्याच डोळ्यानं हिनं एक दिवस चिंचेची डगाल पाहिली. अंगनात बसून, जवारीचे दाने मांडून, चार दिवस मांडलं आन मोडलं. मी तेरा वर्षांची होती, बाजूले बसून रेशमाच्या कांड्या भरत होती. पाचव्या दिवशी हिनं सासऱ्याले बोलावलं आन म्हणे, मामाजी, हे असं विना. तो चिंचपानी. देवी स्वप्नात आली असन, मी नाई म्हणत नाई. पन दाने काकूनं मांडले."

सूतवाले उभे होते, हातात बुंदीचं भांडं. कोणी तरी पुरुषांच्या रांगेतून म्हणालं, "याले पुरावा काय?" पुतण्यानं पत्रावळीवरची नजर वर केली नाही; त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला. सूतवाल्यांची आई. काकूची धाकटी जाऊ. त्या चार माणसांत कधी बोलत नसत.

"खरं हाय ते. दाने मी आनून दिले होते कोठीतून." मग मुलाकडे पाहून म्हणाल्या, "वाढ ना बापा बुंदी. काहून उभा राहिला?"

सूतवाल्यांनी बुंदी वाढली. पण सूत बंद केलं. दोन महिने पुतण्या दुसरीकडून जाडंभरडं आणून पंचे विणत होता, आणि आत्या गिरणीत कांड्या भरायला जाऊ लागल्या, पन्नाशी उलटल्यावर. सकाळी भाकर बांधून घेऊन ताठ पाठीनं निघायच्या. मी एकदा विचारलं, पश्चात्ताप होतो का? म्हणाल्या, "पाय दुखते. पश्चात्ताप वेगळा असते." पुढं लग्नसराई आली. चिंचपानीची मागणी आली, आणि पुतण्यासारखी बारीक जोडपानं दुसऱ्या कोणाच्या हातून उतरेनात. सूतवाल्यांचा माणूस सूत घेऊन दारात उभा राहिला. त्या वर्षी इतवारीच्या दुकानांत बाया "काकूचा काठ दाखवा" म्हणू लागल्या होत्या. आणि पुढच्या वर्षी मी साडी घ्यायला गेले तेव्हा खुद्द सूतवाल्यांनीच घडी उलगडून म्हटलं, "हा पाहा बाई, आमच्या काकूचा काठ."

आत्यांच्या नवऱ्याबद्दल पेठेत कोणी त्यांच्यासमोर बोलत नसे. मला शेजारणींकडून कळलं होतं ते एवढंच, की तो विणकरच होता, चार वर्षं संसार केला, आणि एक दिवस उमरेडला गेला तो आलाच नाही. तिथं धोतरं विणायला लागला, दुसरं घर केलं, मुलं झाली. याला तीस-बत्तीस वर्षं झाली होती. आत्या कुंकू लावत. एवढाच काय तो त्याचा उल्लेख.

एक दिवस उमरेडचा एक जण रेशीम घ्यायला पेठेत आला आणि आत्यांचा नवरा गेल्याची बातमी सांगून गेला. दुपारपर्यंत शेजारच्या बाया आत्यांकडे जमल्या. रीत होती ती करायला. आत्यांनी त्यांना दारातच थांबवलं.

"कुंकू नाई पुसनार मी. ज्यानं मले टाकलं त्याच्यासाठी काहून पुसू? मी कोन होती त्याची?"

बाया कुजबुजत परत गेल्या. आत्या माझ्या खोलीत आल्या. "मास्तरीणबाई, तुमची शाळा कवा बंद हाय? मले उमरेडले जाच हाय. त्याच्या तेरवीले."

पेठेत एकच चर्चा. आता आत्या त्याची सालं काढणार. तीस वर्षं भिंतीआड काय काय पाठ करून ठेवलं असेल, कोण जाणे. मलाही तेच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. परगावात, त्या घरात, त्याच्या वाढलेल्या मुलांसमोर या बाईनं उभं राहून खोड सांगायची म्हणजे मारामारीचाच प्रसंग. पण एकटीला कसं पाठवायचं? मी गेले.

इतवारी स्टेशनातून सकाळची, अरुंद रुळांवरची छोटी गाडी. डब्यात आत्या खिडकीशी बसल्या. ओठ हलत होते, करंगळीला सूत गुंडाळलं जात होतं. मी विचारलं, काय बोलणार? त्यांनी सूत सोडून पुन्हा गुंडाळलं.

उमरेडचं ते घर ठेंगणं होतं. अंगणात मांडव, पत्रावळी मांडून झालेल्या. दारात त्याची दुसरी बायको उभी होती, बुटकी, सावळी म्हातारी, एका डोळ्यात मोतीबिंदू. आत्यांनी नाव सांगायच्या आधीच तिनं ओळखलं. आत जाऊन पाण्याची बादली आणली.

"पाय धुवा बाई." मग हळूच, "बोलाले आल्या ना? तुमचं ऐकलं हाय मी. बोला. तुमचा हक हाय." मागं तिची दोन मुलं उभी होती, चांगली दांडगी, हाताची घडी घालून.

आत्यांनी पाय धुतले. पाणी मात्र प्यायल्या नाहीत.

पंगत बसली. आत्या उठल्या. तिथल्या लोकांना आमच्या पेठेची रीत ठाऊक नव्हती, तरी ही बाई कोण ते सगळ्यांना कळलं होतं. पुरुषांच्या रांगेत एकानं दुसऱ्याला कोपर मारलं.

"थांबा जरा. मी याले चारच वर्षं ओळखत होती. तवा याले मिसरूड नवं होतं. काठ सरळ विने, दोरी लावल्यासारखा. जेवताना बोलत नसे. उन्हाळ्यात माठातलं पहिलं पानी मले दे, मंग सोता पे." त्यांनी दारातल्या म्हातारीकडे पाहिलं. "खोड मी नाई सांगनार. मले ठाऊक हाय ती. पन ती माझ्याच अंगावर पडली, आन हा आता जबाब द्याले नाई. भांडनातल्या एकानंच बोलावं आन दुसऱ्यानं मरून ऐकावं, हे बरोबर नाई. तीस वर्षं जिनं पाहिला तिनं सांगावं."

आणि दाराकडे वळून म्हणाल्या, "तू सांग वं."

म्हातारीनं नाही म्हणून मान हलवली. ती कधी पुरुषांसमोर बोललेली नव्हती. मुलगा पुढं आला, "माय, राहू दे." पण आत्या उभ्याच राहिल्या, आणि त्या उभ्या आहेत तोवर कोणी जेवत नव्हतं. शेवटी म्हातारी चौकटीला धरून बोलली. आवाज इतका बारीक की रांगेच्या टोकाचे लोक पुढं झुकले.

"मानूस वाईट नव्हता. पोराईले हात नाई लावला कधी. खोड म्हणजे... भेकड होता. लय भेकड. छोटी गाडी सुरू झाली त्या सालापासून दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हा धुतलेलं धोतर नेसे आन म्हणे, नागपूरले मारबतीची मिरवणूक पाहाले जाऊन येतो. ठेसनावर जाये. दुपारी वापस येये. मी इचारो, पाहिली का मारबत? म्हणे, गाडी चुकली." तिनं आत्यांकडे पाहिलं. "दर साली कोनाची गाडी चुकते काय? एकदा मी मागं मागं गेली. गाडी याच्या समोर उभी होती. हा बाकावर बसून राहिला. गाडी गेली, मंग उठला. मारबत तुमच्या पेठेतून जाते ते मले ठाऊक होतं, बाई. मी कधी म्हटलं नाई, जा म्हनून. ती माझी खोड."

आत्या तशाच उभ्या. मग त्यांनी म्हटलं, "असा होता. जेवा आता," आणि बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला.

जेवणं झाल्यावर त्या दोघी मागाजवळ बसल्या. मागावर अर्धं धोतर तसंच होतं. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम अंगणात थांबले. ती म्हातारी दोन वर्षांनी गेली, तेव्हा आमची जबलपूरला बदली झालेली होती. तिच्या तेरवीला आत्या पुन्हा उमरेडला गेल्या, एकट्याच, असं नंतर कळलं.

परतीच्या गाडीत ऊन कलतं होतं. बरीच स्टेशनं मागं गेली. मीच विचारलं, "तुम्ही काय पाठ करून गेला होतात? सकाळी गाडीत पुटपुटत होतात ते?"

"ते वेगळं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी उभी राहिली तवा तिचा चेहरा दिसला. तिलेबी तो पुरता मिळाला नाई, ते दिसलं." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "मास्तरीणबाई, एक सांगू? तीस वर्षं मले वाटे, माझ्यात काही खोट असन म्हनून गेला. रोज रहाटावर बसून शोधो मी, कोनती खोट? सगळ्याईच्या खोडी मले सापडे, माझी नाई सापडे. आता समजलं. तो भेकड होता म्हनून आला नाई. माझ्यात खोट होती म्हनून नाई. दोन्हीत लय फरक हाय."

त्यांनी लोट्यातलं पाणी हातावर घेतलं, पदराचं टोक भिजवलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदा, मग पुन्हा एकदा, ताट पुसावं तसं नीट. मी काही तरी म्हणायला गेले. त्यांनी हात वर केला.

"गेला ना तो? आता पुसाले हरकत नाई."

इतवारी आलं. आत्या माझ्या आधी उतरल्या आणि गर्दीतून ताठ पाठीनं पुढं चालू लागल्या, आणि मला त्यांना गाठायला जवळजवळ पळावं लागलं.